रणजींची नदी

(पडद्यावर : भुरभुर पाऊस, करडा डोंगर, पायथ्याशी काळसर पाण्याची नदी.)

रणजी करंडक. आपल्याकडे मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे नाव ठाऊक असतं. १९३४-३५ साली तो सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी मुंबईने जिंकला. ज्यांच्या नावाने तो खेळला जातो ते रणजितसिंहजी, नवानगरचे जामसाहेब, उतारवयात उन्हाळा घालवायला इथे येत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारात, बॅलिनाहिंच कॅसलला.

१९१५ साली शिकारीत त्यांचा उजवा डोळा गेला होता. १९२४ मध्ये ते इथे आले आणि या नदीच्या प्रेमात पडले. पुढे त्यांनी ही मालमत्ता विकतच घेतली. बागा फुलवल्या, गळ टाकायला पाण्यात दगडी धक्के बांधले. १९३३ साली ते गेले, तोवर हे त्यांचं दुसरं घर होतं.

(दृश्य : तळ्यातलं बेट, त्यावर पडका बुरूज.)

बॅलिनाहिंच म्हणजे बेटावरची वस्ती. या बेटावर ओफ्लाहर्टी घराण्याची गढी होती. त्यांच्यानंतर इथे मार्टिन आले. जवळपास दोन लाख एकरांचे धनी! त्यांच्यातला रिचर्ड मार्टिन मला फार जवळचा वाटतो. मुक्या जनावरांचे हाल करणं गुन्हा ठरवणारा १८२२ चा ब्रिटिश कायदा त्याने संसदेत मंजूर करून घेतला. जनावराला मारणाऱ्या कुळाला तो याच बुरुजात कोंडून ठेवायचा, असं इथे सांगतात.

आणि याच जमिनीवर माणसं उपाशी मेली. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबाच्या ताटात बटाट्यावाचून दुसरं काही नसायचं. नदीत सॅमन उसळत होता, पण मासेमारीचा हक्क जमीनदाराचा. रिचर्डचा मुलगा थॉमस क्लिफडनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, आपल्या कुळांना भेटायला गेला, तिथला ताप घेऊन परतला आणि १८४७ मध्ये वारला. कर्जाने पोखरलेली जहागीर त्याच्या मुलीच्या, मेरीच्या हातून गेली. १८५० साली न्यूयॉर्कमध्ये तिचाही अंत झाला.

(दृश्य : स्वयंपाकघर, ओट्यावर पीठ.)

म्हणून इथलं जेवण मी जरा सावकाश जेवतो.

सुरुवात सोडा ब्रेडने. इथल्या मऊ गव्हाला यीस्ट फारसं मानवत नाही, म्हणून पिठात खायचा सोडा आणि ताक. ताकाच्या आंबटपणाने सोडा फसफसतो, पीठ लगेच भट्टीत जातं. तिंबून ठेवणं नाही, वाट पाहणं नाही. वर खारं लोणी, सोबत किनाऱ्यावरचे शिंपले.

मग कोकराचं मटण. काळ्या तोंडाची मेंढी डोंगरावर हेदरची झुडपं आणि रानगवत खाऊन वाढते. चढउतारामुळे मांसात चरबी कमी आणि त्याला रानाचा किंचित वास. कॉनेमारा हिल लॅम्बला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, जसं आपल्या देवगडच्या हापूसला भारतातलं. हे मटण मिळतं ते उन्हाळ्याच्या अखेरीपासून, बारमाही नाही. मसाला अगदी बेताचा. पहिल्या घासाला मला तो कमी वाटला. तिसऱ्या घासाला कळलं की जास्तीचा मसाला घातला असता तर डोंगरच हरवला असता.

शेवटी कॅरगीनची खीर. कॅरगीन म्हणजे ओहोटीला खडकांवरून खुडलेलं, उन्हापावसात वाळवलेलं लालसर शेवाळ. दुधात उकळून गाळलं की दूध थिजतं, आपल्या चायना ग्राससारखं. जिभेवर दुधाची गोडी, आणि अगदी शेवटी समुद्राची एक चुटपुटती आठवण.

(दृश्य : संध्याकाळ, नदी.)

आणि सॅमन? आपला रावस वेगळा, हा वेगळा. नदीच्या वाळूखड्यांत जन्मतो, अटलांटिकमध्ये मोठा होतो आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. आता त्याची संख्या घटली आहे. गळाने पकडलेला सॅमन विकायला आयर्लंडमध्ये बंदी आहे.

समोर, दगडी धक्क्यावर, एका म्हाताऱ्याच्या गळाला मासा लागलाय. तो पाण्यात वाकतो, गळ सोडवतो आणि माशाचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत धरून ठेवतो. कल्ले हलू लागतात. हात मोकळे होतात. काळ्या पाण्यात एक चंदेरी रेघ, आणि मग नुसतं पाणी.