केसपेपरवर लिहिलंय, ‘मोरीत घसरून’

एक म्हण आहे, आमच्या आज्जीच्या तोंडात सारखी असायची, नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं तर तक्रार कुणाकडे करायची. सगळे हसायचे, मी पण हसायचो. पण जरा नीट ऐका, मारणं इथे चक्क हवामानात टाकलंय, म्हणजे येणारच, डोक्यावर काहीतरी घ्या आणि चालत रहा.

हा व्हिडिओ त्या ‘कुणाकडे’बद्दल आहे. आणि थोडा माझ्याबद्दल, हे खरं तर टाळायचं ठरवलं होतं, नाही जमलं.

१९९३ साल, मी नऊ वर्षांचा. एका हॉस्पिटलचा लांबलचक बाकडा, आईने उजवा हात पदरात धरलेला, केसपेपर माझ्याकडे कारण खिडकीवर लाईनीत मीच उभा होतो. आत डॉक्टरांनी विचारलं काय झालं. बाबा म्हणाले मोरीत घसरली. आई खाली फरशीकडे बघत होती. मग डॉक्टरांनी सेकंदभर माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो, हो, साबण पडला होता.

साबण मी माझ्या मनाने घातला. कोणीच शिकवलं नव्हतं.

आता आकडे, पटकन सांगतो. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांनी सांगितलं की नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा झालीये. महाराष्ट्रात हे साधारण २५ टक्के, म्हणजे आपण फार काही वेगळे नाही आहोत. पण मला त्यातला दुसराच आकडा जास्त लागला, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुठे मदत मागितली ना कुणाला सांगितलं, सख्ख्या बहिणीला पण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या चाळीत तर सांगायची गरजच नव्हती, भिंती कसल्या त्या, सगळ्यांना सगळं ऐकू जायचं, शेजारच्या काकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या आणि दुसऱ्या दिवशी नळावर म्हणायच्या, भांड्याला भांडं लागायचंच हो.

आणि पोरांचं काय? २००७ मध्ये केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने एक मोठा अभ्यास केला, १३ राज्यं, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते, १२,४४७ मुलांशी बोलले. तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्लेला. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी जवळपास ८९ टक्के मुलांना मारणारे होते आई किंवा वडील. इथे एक सांगितलं पाहिजे, सांगताना जड जातं, आई पण मला मारायची. लाटण्याने. बाबा तिला मारून बाहेर गेले की तासाभरात माझं काहीतरी चुकायचंच, दूध सांडायचं नाहीतर पाढा अडायचा. तेव्हा राग यायचा, आता कळतं की तो मार वरून खाली येत होता, पाणी येतं तसा. कळलं म्हणून तो मार लागला नाही असं होत नाही.

आता जरा लांब जाऊया, अमेरिकेत, सॅन डिएगोला. १९८० च्या दशकात व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर वजन कमी करायचं क्लिनिक चालवायचे आणि त्यांना एक कोडं पडलं, ज्यांचं वजन भराभर उतरतंय तेच पेशंट मध्येच सोडून जातायत. बोलत गेले तेव्हा समजलं की यातल्या कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेत, आणि ते वजन त्यांना चिलखतासारखं वाटतंय. मग रॉबर्ट अँडा यांच्यासोबत १७ हजारांवर लोकांचा सर्व्हे झाला, पहिला पेपर १९९८ चा. हे लोक गरीब बिरीब नव्हते, आरोग्य विमा असलेले, बरेचसे शिकलेले. त्यांना विचारलं, लहानपणी घरात काय काय झालं. आणि त्या यादीत मुलाला मारणं वेगळं होतं आणि आईला मारताना बघणं हा वेगळा मुद्दा होता, हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून खाली चहा प्यायला गेलो, कारण तोपर्यंत मला वाटायचं की आपण फक्त प्रेक्षक होतो.

यादीतल्या चार किंवा जास्त गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांच्यात दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. हृदयविकार, फुप्फुसाचे आजारसुद्धा, यादीतल्या जितक्या जास्त गोष्टी तितके चढत गेलेले. पण ही कुंडली नाही हां, हा धोका आहे, ठरलेलं भविष्य नाही, सोशल मीडियावर लोक या यादीवरून स्वतःचा स्कोअर काढून घाबरून बसतात तसं करू नका.

शरीरात काय होतं तर पोराची धोक्याची घंटा बंदच होत नाही. भीती वाटली की कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं, भीती गेली की उतरतं, असं व्हायला पाहिजे. पण रोज संध्याकाळी सातला जिन्यावर चपलांचा आवाज आला की पोटात गोळा येणार असेल तर उतरणार कधी? मी आज चाळिशी पार केलीये, आणि घरात कोणी ताट जरा जोरात ठेवलं की माझ्या तोंडून आधी सॉरी निघतं. बायको म्हणते अरे पण तू काय केलंस. काहीच नाही.

आता जे हॉस्पिटल दिसतंय ते वांद्र्याचं भाभा हॉस्पिटल, महापालिकेचं. इथे २००० च्या सुमारास महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून ‘दिलासा’ सुरू केलं, हॉस्पिटलच्या आतच हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी केंद्र. आयडिया साधी आहे, बाई पोलीस स्टेशनला जाईल न जाईल, पण हात मोडला तर ओपीडीत येणारच. मग विचारायचं तिथेच, सोबतच्या माणसाला बाहेर थांबवून. फिनेल किंवा उंदराचं औषध पोटात गेलेली बाई आली आणि घरचे म्हणाले चुकून प्यायली, तर कागदावर ‘चुकून’ एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही. ही पद्धत नंतर मुंबईतल्या बाकीच्या पालिका हॉस्पिटलांत पण गेली.

घरातल्या हिंसेपासून बायकांना संरक्षण देणारा कायदा आहे, २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात नुसती मारहाण नाही, शिवीगाळ, पैसे अडवणं पण येतं. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथे राहायचा हक्क आहे, मुलांचा तात्पुरता ताबा पण मागता येतो. आणि केस उभी राहते तेव्हा हॉस्पिटलचा कागद फार कामाला येतो, काय झालं, कोणी केलं, कधी. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, दोन्ही फुकट, शेजाऱ्यांनी फोन केला तरी चालतो. टीव्हीचा आवाज वाढवण्यापेक्षा ते बरं.

आमच्या घरी यातलं काही झालं नाही. बाबा २०११ मध्ये गेले, आईने दिवस नीट केले, फोटोला हार घातला.

मागच्या वर्षी रेशनकार्ड शोधताना तिच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत तो केसपेपर सापडला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. डॉक्टरांच्या अक्षरात एवढंच, मोरीत घसरून पडल्याचं नातेवाईक सांगतात. मी विचारलं, आई, हे खोटंच लिहिलंय ना, मग एवढी वर्षं कशाला ठेवलंस?

तिने तो माझ्या हातातून घेतला, परत घडी घातली.

म्हणाली, “तारीख खरी आहे त्यावर.”