चाकरमानी परत गेल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

विसर्जन झालं, मुंबईच्या गाड्या भरून गेल्या, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत पुन्हा दोनच म्हातारी माणसं उरली. दरवर्षी या दिवसांत दवाखान्यात त्याच तक्रारी वाढतात. अन्न जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, अंग मोडून येतं. मन उदास आहे असं कोणी सांगत नाही. या वयात नैराश्य बरेचदा पोटातून, सांध्यांतून, झोपेतून बोलतं.

संगमेश्वरकडच्या एक काकी माझ्याकडे आल्या होत्या. मुलगे मुंबईला, लेक सासरी. काका एसटीतून निवृत्त झालेले. काकींच्या पोटात गोळा फिरायचा. पिशवीभर रिपोर्ट, सोनोग्राफी झालेली, एंडोस्कोपी झालेली, सगळं नॉर्मल. पण वजन उतरलेलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मी विचारलं, "घरी काय शिजवता?" काका म्हणाले, "शिजवते कुठे? सकाळी भात टाकते, रात्री तोच. तोही दोनदा करपवलान." विसरते, म्हातारचळ लागला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. काकी खाली बघत म्हणाल्या, "माझा हात शेराचा. दोन मुठी तांदूळ धुवायला घेतले की हातच चालत नाही."

थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच मंदावतो. ते ठीक निघालं. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढताच काकांचा चेहरा उतरला. "हिला रत्नागिरीला धाडणार काय?" तिथलं मनोरुग्णालयच डोळ्यांपुढे आलं त्यांच्या. समजावलं, गोळी सुरू झाली. आठवड्याभरात बंदही केली, शेजारणीनं सांगितलं, सवय लागते म्हणून. श्रोतेहो, नैराश्याची गोळी म्हणजे झोपेची गोळी नव्हे. तिचं व्यसन लागत नाही. पण गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, आणि स्वतःच्या मनानं ती थांबवायची नाही. पुन्हा सांगतो, चार ते सहा आठवडे. सुरुवातीला चक्कर आली, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच दाखवा, वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

गोळी पुन्हा सुरू केली. महिना-दीड महिन्यानं दोघं आली, बाहेर पाऊस. आत शिरताच काकी काकांवर ओरडल्या, "छत्री भायेर ठेवा, डॉक्टरांची लादी भिजवलात!" ब्लडप्रेशर मोजण्याआधीच मला कळलं, काकी परत आल्या. दुसऱ्याच्या लादीची काळजी वाटायला माणसात जीव लागतो. विसराळूपणाही बराच गेला होता.

वय झालं, पोरं लांब गेली, आता असंच व्हायचं, हे मला मुळीच मान्य नाही. आठवण येणं वेगळं, आजार वेगळा. दोन आठवडे झोप, भूक, कशातच गोडी नाही, तर तो आजार समजा. दोन आठवडे.

आणखी एक बोलतो. मुलं प्रेमानं पैसे पाठवतात, नवं घर होतं, आणि पहिला जातो तो ओटा. पडवीला ग्रिल लागतं. येणारा-जाणारा टेकायचा कुठे? घर बांधाल तर ओटा ठेवा. लादी साधी चालेल.

मुंबई-पुण्यात, परदेशात असलेल्या मुलांनो, "जेवलीस का?" विचारू नका, उत्तर "हो"च येतं. "आज काय केलंस?" विचारा. सलग चार दिवस नुसता भात असेल तर गावी या, किंवा शेजारी फोन लावा. आणि "आता जगून काय करायचं" असं कोणी बोललं तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, त्यांना एकटं सोडू नका, आंब्याच्या फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

टेलिमानस ही सरकारी सेवा रात्रंदिवस आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या, एक चार चार एक सहा. १४४१६. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन, एक चार पाच सहा सात. १४५६७. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी फोनशेजारी भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

नमस्कार.