पोपटी पँट, पाच फूट उंची आणि आसनाचा घोळ

नमस्कार मंडळी, आणि खास करून माझ्यासारख्या पाच फुटी मैत्रिणींनो नमस्कार! आज बोलायचंय रंगीत पँटींबद्दल. पोपटी, राणी, आंबा कलर, चिंतामणी, असे झक्कास रंग, रोज घालता येतील अशा, खिशाला परवडतील अशा आणि मुख्य म्हंजे अंगावर नीट बसतील अशा.

आता पहिल्यांदा एक गंमत ऐका. परदेशातल्या कंपन्या साधारण 5 फूट 3-4 इंचापर्यंतच्या बायकांना पेटीट म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळा विभाग ठेवतात. आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच 152 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच फूट! म्हणजे त्या हिशेबाने आपण बहुतेक सगळ्याच पेटीट, आणि तरी दुकानात एस घ्या नाहीतर एक्सएल, लांबी जवळपास तीच, फक्त कंबर बदलते. भारतीय मापांसाठी निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइझ नावाचा प्रकल्प हाती घेतला, थ्रीडी स्कॅनरने लोकांची मापं घेतली, चांगलंच आहे ते, पण तुळशीबागेत उभं राहिल्यावर आपल्या हातात स्कॅनर नसतो ना, टेप असते.

तर टेप पर्समध्ये ठेवाच. आणि मोजायचं काय, तर आसन, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंतचा भाग. आपण सगळ्याजणी लांबी बघतो, खाली लोळतेय का बघतो, पण लांबी हा सगळ्यात स्वस्त दोष आहे हो, कोपऱ्यावरचा अल्टरेशनवाला पन्नास-शंभर रुपयात कापून टीप मारून देतो. आसन मोठं असेल तर मात्र तो हात वर करतो, कारण तिथे कंबरपट्टी, चेन, खिसे सगळं उसवावं लागतं आणि पँटीपेक्षा मजुरी जास्त होते. समोरून दोन पायांच्या जोडापासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. आपल्या उंचीला साधारण नऊ-साडेनऊ इंच पुरतं, आणि हाय वेस्ट म्हणून टांगलेल्या पँटी अकरा, साडेअकरा निघतात, मग ती पट्टी पार बरगड्यांपाशी जाते नाहीतर खाली झोळ पडतो.

फॅशन स्ट्रीटला, लिंकिंग रोडला ट्रायल रूम कुठली मिळायला, तिथला दादा पँटीची पट्टी आपल्या मानेभोवती गुंडाळून दाखवतो आणि म्हणतो "ताई, स्ट्रेच आहे, बिनधास्त घ्या." मानेवरून कंबरेचा अंदाज बरा येतो, नाही म्हणत नाही मी, पण आसनाचं तिला काय कळणार! त्यापेक्षा आपली नीट बसणारी एक जुनी पँट पिशवीत घालून न्या आणि नव्या पँटीवर पसरून ठेवा, दादा हसला तर हसू दे.

गुडघ्याकडेपण बघा. बूटकट पँट गुडघ्याशी अरुंद असते, आपल्याला ती अरुंद जागा पोटरीवर येते आणि खालून कापली की सगळा घेरच निघून जातो. सरळ किंवा हळूहळू निमुळती होत जाणारी पँट बरी. सगळ्यात सोपं म्हणजे अँकल लेंग्थ लिहिलेली घ्या, तिची आतली शिवण 26-27 इंच असते, उंच मुलींना घोट्यावर राहते आणि आपल्याला थेट फुल लेंग्थ! बारीक अंगाच्या असाल तर मुलांच्या कपड्यांत 13-14 वर्षांची मापं बघा, आत बटणाचं इलॅस्टिक असतं आणि खिसे खरेखुरे असतात, फक्त सीटला घट्ट होऊ शकतात.

रंगाचं म्हणाल तर "बुटक्यांनी काळंच घालावं" हे मला अजिबात पटत नाही. पण लिंबू कलर, फिकट गुलाबी घेताना आत हात घालून उजेडात धरा, बोटं दिसली तर खिशाचं अस्तरपण दिसणार. राणी आणि लाल असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर घासा, रुमाल रंगला की पँट परत हँगरवर.

आणि कॉटन असेल तर आधी धुवा, मग कापायला द्या, उलटं केलंत तर पहिल्या धुण्यात आटून पँट घोट्याच्या वर जाते.

हे सगळं करूनही नाहीच मिळाली तर लक्ष्मी रोडला कॉटन फ्लेक्स कापडाचे ताजे रंग मीटरवर मिळतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 58 इंच असेल तर सव्वा मीटरमध्ये आपली पँट निघते, 44 असेल तर दोन मीटर घ्या, आणि टेलरला सांगा खाली थोडी माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोड, खिसे दोन्ही बाजूंना पाहिजेत, मोबाईल मावेल एवढे. फक्त दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा कुठलाच टेलर पँट वेळेत देत नाही. चला, आता गाणं ऐकूया.