पट्टी ९९ टक्क्यांवर थांबते

[दृश्य: ठाणे स्टेशन, पश्चिम. संध्याकाळची गर्दी. दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर लॉक झालेला फोन.]

लोकलचा पास यातच, बँकेचा ओटीपी यातच. म्हणून फोन लॉक झाला की माणूस घाई करतो आणि नेमकी तीच जाहिरात समोर येते: ‘दोन मिनिटांत कुठलाही लॉक काढा, डेटा जाणार नाही.’

[दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन, जवळून.]

जाहिरातीतलं सॉफ्टवेअर फोनचं मॉडेल विचारतं. हिरवी पट्टी सरकत सरकत ९९ टक्क्यांवर अडते. पुढे जायचं तर लायसन्सचे पैसे भरा, नाहीतर ‘पडताळणी’साठी दोन अ‍ॅप टाका. पण खरी घातक ओळ सुरुवातीलाच येऊन गेलेली असते: अँटीव्हायरस बंद करा. फोनचं कुलूप तसंच राहतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र चोरीला जाऊ शकतात.

फोनमधला डेटा ज्या किल्लीनं बंद असतो, ती तुमचा पासकोड आणि चिपमधला गुप्त आकडा मिळून तयार होते. तपास यंत्रणांची महागडी उपकरणं काही मॉडेलवर चालतात, पण ती हजार-दोन हजारांत डाउनलोड होत नाहीत. आयफोनचा अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोन मालकाच्या अ‍ॅपल खात्याशी बांधणारं कुलूप, तर २०१३ पासून अ‍ॅपलच्या सर्व्हरवर नोंदलेला असतो. पैसे घेऊन ही सॉफ्टवेअर बहुतेक वेळा करतात काय? फोन पूर्ण पुसतात. ते तर फुकटात होतं.

[दृश्य: केबल जोडलेला आयफोन.]

आयफोन रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीच्या अवस्थेत) घालून कॉम्प्युटरवरून रिस्टोअर करा, म्हणजे पुसून सिस्टिम नव्यानं टाका. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन त्या मोडमधून बाहेर पडतो. तो बिघडलेला नसतो! डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग पुन्हा रिकव्हरी मोडमध्ये घाला. अ‍ॅक्टिव्हेशन लॉकचा पासवर्ड काही केल्या मिळत नसेल, तर खरेदीचं मूळ बिल घेऊन अ‍ॅपलकडेच अर्ज करा.

अँड्रॉइड फोन रीसेट झाल्यावर, म्हणजे पूर्ण पुसल्यावर, जुनं गूगल खातं मागतो. म्हणून आधी घरच्या वाय-फायवरून, नेहमीच्या लॅपटॉपवर खात्याचा पासवर्ड परत मिळवा. तो बदलला असेल तर २४ तास थांबून मगच रीसेट करा.

जुना फोन विकत घेताना *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. KYM लिहून, एक जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएसनं पाठवा. काळ्या यादीतला असेल तर कळेल. बिल मागा, आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं खातं काढायला लावा. कुणी ‘आयएमईआय बदलून देतो’ म्हणालं तर तिथून निघा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

[दृश्य: वाय-फाय बंद करणारा हात.]

सॉफ्टवेअर आधीच चालवून बसला असाल, तर लॅपटॉपचं इंटरनेट तोडा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, पहिला ई-मेलचा, मग बँकेचा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.