प्रबंधातले १, १.१, १.१.१ : वर्डमधली मल्टिलेव्हल लिस्ट एकदाच, पण नीट

नमस्कार. आजचा विषय मल्टिलेव्हल लिस्ट. प्रकरण १, त्याखाली १.१, त्याखाली १.१.१ अशी जी क्रमांकांची उतरंड प्रबंधात, प्रकल्प अहवालात, नियमावलीत लागते ती. मी विंडोजवरचं वर्ड वापरतोय. लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखंच काम करणारं मोफत सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठीही पुढे थोडं आहे.

(स्क्रीनवर: मराठी प्रबंध, तिसरं प्रकरण)

हा बघा एक प्रबंध. पाच प्रकरणं आहेत. समजा मार्गदर्शकांनी सांगितलं, की तिसऱ्या प्रकरणात नमुना निवडीच्या आधी 'संकल्पनांच्या व्याख्या' असा एक नवा भाग घाला. क्रमांक हाताने टाइप केलेले असतील तर आता काय काय करावं लागेल? ३.२ चं ३.३, ३.३ चं ३.४. त्यांच्या पोटातले ३.२.१, ३.२.२ सगळे बदलायचे. अनुक्रमणिका बदलायची. आणि पाचव्या प्रकरणात कुठेतरी 'भाग ३.४ मध्ये पाहिल्याप्रमाणे' असं वाक्य आहे, ते शोधून दुरुस्त करायचं. हे शेवटचं हमखास राहून जातं आणि चुकीचा संदर्भ तसाच छापला जातो. वर्षानुवर्षं राबून केलेल्या संशोधनावर असा डाग का पडू द्यायचा?

आता यावर बरेच जण म्हणतील, आम्ही हाताने टाइप करत नाही, नंबरिंगचं बटण दाबतो. माझं म्हणणं असं, की तेही पुरेसं नाही. क्रमांक स्टाइलला द्यायचा. स्टाइल म्हणजे 'हेडिंग १' सारखं नाव दिलेलं तयार रूप, जे हव्या तितक्या परिच्छेदांना लावता येतं. परिच्छेदाला सुटा क्रमांक द्यायचाच नाही. आजच्या व्हिडिओतून एवढी एकच गोष्ट घेतलीत तरी चालेल.

असं का, हे कळायला वर्डच्या आत डोकावू या. मला हा भाग फार आवडतो, म्हणून जरा थांबतो इथे.

(स्क्रीनवर: फाइलची प्रत, एक्सटेन्शन बदलताना)

डॉकएक्स फाइल, म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, ही खरं तर एक झिप फाइल असते, अनेक फाइल एकत्र बांधलेलं गाठोडं. या फाइलची एक प्रत केली, तिचं डॉकएक्स हे एक्सटेन्शन बदलून झिप केलं आणि उघडली. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर आहे. त्यात दोन फाइल बघा, एक डॉक्युमेंट नावाची आणि एक नंबरिंग नावाची. डॉक्युमेंटमध्ये आपला मजकूर आहे. पण शीर्षकापाशी '३.२' हे शोधून पाहा, सापडणार नाही. परिच्छेदापाशी फक्त दोन नोंदी आहेत: हा परिच्छेद अमुक नंबरच्या यादीतला आहे आणि त्या यादीत अमुक पातळीवर आहे. पातळ्या शून्यापासून आठपर्यंत, म्हणजे एकूण नऊ. क्रमांक कसा दिसायचा, त्याच्या आधी कोणता शब्द यायचा, तो समासापासून किती आत असायचा, हे सगळं त्या दुसऱ्या नंबरिंग फाइलमध्ये. फाइल उघडली की वर्ड वरून खाली मोजत येतं आणि क्रमांक काढून दाखवतं.

आता लक्षात येईल, की क्रमांक 'बिघडतात' म्हणजे नेमकं काय होतं. तुम्ही एकदा इथे बटण दाबलं, दहा पानांनी पुन्हा दाबलं, मित्राच्या फाइलमधून दोन परिच्छेद आणून पेस्ट केले. दिसायला सगळं १, २, ३ सारखंच. पण आत चार वेगवेगळ्या याद्या तयार झाल्या आणि वर्ड त्या चारही याद्या वेगवेगळ्या मोजतंय. तुम्हाला वाटतं वर्ड मनमानी करतंय. ते बिचारं सांगितलेलं इमानदारीत मोजतंय, आपणच चार याद्या दिल्यात.

म्हणून शीर्षकांसाठी यादी एकच हवी आणि तिची प्रत्येक पातळी एकेका हेडिंग स्टाइलला बांधलेली हवी. चला, करू या.

(स्क्रीनवर: होम टॅब)

आधी शीर्षकांना स्टाइल द्या. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा, हेडिंग १ लागली. उपशीर्षकाला कंट्रोल-ऑल्ट-२, त्याखालच्याला कंट्रोल-ऑल्ट-३. रंग निळा आला, फॉन्ट भलताच आला, तरी आत्ता हात लावू नका. ते नंतर स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफायमध्ये एकदाच बदलायचं.

आता पहिल्या प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा. होम टॅबमध्ये, पॅराग्राफच्या चौकटीत यादीची तीन बटणं शेजारी शेजारी आहेत: बुलेट्स, नंबरिंग आणि मल्टिलेव्हल लिस्ट. तिसरं उघडा. सगळ्यात खाली दोन पर्याय दिसतील, 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' आणि 'डिफाइन न्यू लिस्ट स्टाइल'. बहुतेक ठिकाणी पहिला वापरायला सांगतात. मी दुसरा सांगेन, कारण त्यात यादीला नाव देता येतं आणि पुढे बदल करायचा झाला तर तीच यादी पुन्हा उघडता येते. नाव द्या 'प्रबंध क्रमांक'. मग खाली फॉरमॅटचं बटण, त्यात नंबरिंग. हा डायलॉग उघडला. यात डावीकडे खाली 'मोअर' लिहिलंय ते आधी दाबा. ते दाबल्याशिवाय आपल्या कामाचा अर्धा भाग दिसतच नाही.

डावीकडे १ ते ९ पातळ्या आहेत. पातळी १ निवडा. उजवीकडे 'लिंक लेव्हल टू स्टाइल' आहे, तिथे हेडिंग १. मग पातळी २ निवडून हेडिंग २, पातळी ३ निवडून हेडिंग ३. एकाच बैठकीत सगळ्या पातळ्या पूर्ण करा, मगच ओके.

आता क्रमांकाचं रूप. पुन्हा पातळी १ वर या. 'एंटर फॉरमॅटिंग फॉर नंबर' या खिडकीत एक आकडा दिसतोय आणि त्याच्यामागे करड्या रंगाची छटा आहे. ही छटा नीट बघा. छटा आहे म्हणजे तो आकडा वर्डने मोजलेला आहे. तुम्ही तो खोडून तिथे स्वतः १ टाइप केलात, तर छटा जाते आणि मग पाचही प्रकरणांवर 'प्रकरण १' येतं. म्हणून करड्या आकड्याला धक्का लावू नका, त्याच्या आधी कर्सर नेऊन 'प्रकरण' आणि एक स्पेस टाइप करा. झालं.

पातळी २ ला १.१ हवं. खिडकी रिकामी करा. 'इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम' मध्ये लेव्हल १ निवडा, मग टिंब टाइप करा, मग 'नंबर स्टाइल फॉर धिस लेव्हल' मधून आकड्यांचा प्रकार निवडा. इथे 'प्रकरण १.१' असं येईल की काय, अशी शंका बऱ्याच जणांना येते. नाही येत. वरच्या पातळीचा फक्त आकडा खाली उतरतो, शब्द वरच राहतो. पातळी ३ ला हेच, फक्त आधी लेव्हल १, टिंब, लेव्हल २, टिंब.

आता मराठी आकडे. नंबर स्टाइलच्या यादीत खाली खाली जा. ऑफिसच्या भाषांमध्ये हिंदी जोडलेली असेल तर तिथे १, २, ३ मिळतात आणि क, ख, ग सुद्धा. नसतील तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन हिंदी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. तिथे 'एक, दो, तीन' असाही प्रकार असतो, तो हिंदी शब्दांचा आहे, आपल्याला नको. आणि उजवीकडे 'लीगल स्टाइल नंबरिंग' नावाची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करू नका. ती खूण केली की त्या पातळीवरचे सगळे आकडे इंग्रजी होतात.

ओके करा, पुन्हा ओके. आता तिसऱ्या प्रकरणात जाऊ आणि तो नवा भाग घालू. शीर्षक टाइप केलं, कंट्रोल-ऑल्ट-२. बघा, हा ३.२ झाला, जुना ३.२ आपोआप ३.३ झाला, त्याखालचेही सरकले.

एक भाग उचलून दुसरीकडे न्यायचा असेल तर व्ह्यू टॅबमधून नॅव्हिगेशन पेन उघडा. डावीकडे सगळी शीर्षकं दिसतात. एक शीर्षक धरून वर ओढलं, की त्याच्याखालचा मजकूर, तक्ते, उपशीर्षकं सगळं बरोबर जातं आणि क्रमांक नव्याने लागतात. एखादं उपशीर्षक एक पायरी वर किंवा खाली न्यायचं असेल तर ऑल्ट, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. प्रबंध लिहिताना मांडणी सतत बदलत असते. ती बदलताना हात कचरायला नको, यासाठीच तर ही खटपट.

मजकुरातले संदर्भही असेच जिवंत ठेवा. 'भाग ३.४ पाहा' लिहिताना ३.४ टाइप करायचं नाही. रेफरन्सेस टॅब, क्रॉस-रेफरन्स, प्रकार हेडिंग, आणि घालायचं काय तर हेडिंग नंबर. पुढे क्रमांक बदलले की कंट्रोल-ए करून एफ९ दाबा, सगळे संदर्भ ताजे होतात. अनुक्रमणिका ताजी करताना वर्ड विचारेल, नुसते पृष्ठांक की पूर्ण तक्ता? पूर्ण तक्ता सांगा.

आता मला सारखा विचारला जाणारा एक प्रश्न. एकाच शीर्षकाचा क्रमांक ठळक किंवा लाल का दिसतो? कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक उलट्या पी सारखी खूण दिसेल. यादीत वेगळं काही सांगितलेलं नसेल तर क्रमांक आपलं रूप या खुणेकडून घेतो. ओळीचा शेवटचा शब्द लाल करताना ही खूणही निवडली गेली, की ओळीच्या सुरुवातीचा क्रमांकही लाल. तेवढी खूण निवडा, कंट्रोल-स्पेस दाबा, क्रमांक पूर्ववत. आणि मजकूर एका मराठी फॉन्टमध्ये आणि क्रमांक दुसऱ्याच, असं होत असेल तर लिस्टच्या त्याच डायलॉगमधल्या फॉन्ट बटणात जा. देवनागरीला वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं, तिचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या चौकटीत द्यावा लागतो.

परिशिष्टांसाठी एक युक्ती सांगतो. ती प्रकरणांच्या मोजणीत यायला नकोत, 'परिशिष्ट क', 'परिशिष्ट ख' अशी यायला हवीत. यासाठी वेगळी यादी करू नका. त्याच यादीची सातवी पातळी हेडिंग ७ ला बांधा, खिडकी रिकामी करून 'परिशिष्ट' टाइप करा आणि क, ख, ग निवडा. वरच्या पातळ्यांचे आकडे घेऊ नका, आणि 'रीस्टार्ट लिस्ट आफ्टर' वरची खूण काढा. मग अनुक्रमणिकेच्या ऑप्शन्समध्ये हेडिंग ७ ला पातळी १ द्या, म्हणजे परिशिष्टं प्रकरणांच्या ओळीत दिसतात. ऋणनिर्देशासारख्या बिनक्रमांकाच्या शीर्षकासाठी नॉर्मलवर आधारित एक नवी स्टाइल करा आणि तिच्या पॅराग्राफ सेटिंगमध्ये आउटलाइन लेव्हल १ ठेवा. क्रमांक नाही, पण अनुक्रमणिकेत नाव येतं.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये हेच काम टूल्स मेनूतल्या हेडिंग नंबरिंगमध्ये होतं, जुन्या आवृत्त्यांत त्याला चॅप्टर नंबरिंग म्हणत. तिथे दहा पातळ्या आहेत आणि त्या हेडिंग स्टाइलशी आधीच जोडलेल्या असतात. शीर्षकांपुरतं बोलायचं तर मला ती रचना वर्डपेक्षा सरळ वाटते.

आपोआप क्रमांक कुठे नकोत, हेही सांगायला हवं. एकदा मंजूर झालेली नियमावली, कायदा, करार. आपल्या संविधानात ८६व्या घटनादुरुस्तीने, २००२ साली, शिक्षणाच्या हक्काचा अनुच्छेद घातला गेला. तो २१ नंतर आला, पण त्याला २२ क्रमांक दिला नाही, २१क दिला. २२ दिला असता तर पुढचे सगळे अनुच्छेद एकेकाने सरकले असते आणि आधीच्या प्रत्येक निकालातले, पुस्तकातले उल्लेख चुकले असते. तुमच्या सोसायटीच्या किंवा संस्थेच्या मंजूर नियमांचंही तसंच. मसुदा चर्चेत आहे तोवर आपोआप मोजू द्या. मंजूर झाल्यावर मधे नियम घालायचा असेल, तर त्यासाठी तशीच दिसणारी पण बिनक्रमांकाची स्टाइल करा आणि २१क सारखा क्रमांक हाताने लिहा.

आणि ज्यांचा प्रबंध अर्धाअधिक लिहून झालाय, क्रमांक सगळे हाताने टाइप केलेले आहेत, त्यांनी काय करायचं? आधी फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा. मग शीर्षकांना स्टाइल द्या, वर दाखवलेली यादी बांधा. प्रत्येक शीर्षकात आता दोन क्रमांक दिसतील, एक वर्डचा, एक तुमचा. नॅव्हिगेशन पेनमध्ये एकेका शीर्षकावर क्लिक करत जा आणि तुमचा टाइप केलेला तेवढा खोडा. वर्डच्या क्रमांकात कर्सर शिरतच नाही, त्यामुळे चुकून भलताच खोडला जाण्याची भीती नाही. मग मजकुरातले 'भाग अमुक पाहा' शोधून क्रॉस-रेफरन्स घाला. शेवटी कंट्रोल-ए, एफ९, आणि इंग्रजीतला 'एरर' हा शब्द संपूर्ण फाइलमध्ये शोधा. ज्या संदर्भाचं मूळ शीर्षक खोडलं गेलंय, तिथे वर्डने तो छापलेला असतो. हे काम सबमिशनच्या आदल्या रात्री करायला घेऊ नका, हाताशी दोन-तीन दिवस असताना करा.