आधी कागद घोटा, मग चित्राचं बघू

मिनिएचरच्या, म्हणजे बारीक लघुचित्रांच्या, क्लासमधे शिरल्यावर पहिल्यांदा जे दिसतं ना, ते पेंटिंग नसतंच अजून, कागद चिकटवणं चाललेलं असतं. जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या माडीवर असा एक क्लास भरतो आणि इथे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला वाटतं की आल्या आल्या घोडा नाहीतर मुघल बेगम काढायला मिळणार. नाही मिळत. आधी वसली करायची, म्हणजे हातकागदाचे तीन-चार थर मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, मधे बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि मग वजनाखाली दाबून सुकवायचं. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालतात, कीड लागू नये म्हणून. मोरचुदासाठी नाशिककराला कुठे लांब जायला नको, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांवर बोर्डो हे बुरशीनाशक मारायला तोच लागतो. विषारी असतो पण, हात न धुता चहाचा कप उचलला की ओरडा बसलाच म्हणून समजा.

मग घोटाई. अकीकचा गुळगुळीत दगड घ्यायचा आणि वसली घोटत बसायचं, दोन्ही बाजूंनी, खांदा भरून येईपर्यंत.

"सर, झालं का बघा ना."

"खिडकीकडे तिरपं धर. चमक सगळीकडे सारखी आहे का? नाही ना? मग चालू दे."

एवढा अट्टहास कशासाठी, तर कागद जरा जरी खरखरीत राहिला तरी बारीक ब्रशची रेघ त्याच्यावर तुटते. बस, एवढंच कारण आहे. रील्समधे आपल्याला शेवटची पापणीची रेघ दिसते आणि आपण म्हणतो काय हात आहे यार, पण माझं मत विचाराल तर निम्मं कौतुक त्या कागदाचं करायला पाहिजे.

ब्रशही बघा जवळून. खारीच्या शेपटीचे केस कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवायचे ही जुनी पद्धत, टोकाला एकच केस पुढे आलेला. आता बरेच जण बाजारातला शून्य नंबरचा सिंथेटिक ब्रश वापरतात, आणि खरं सांगायचं तर शिकताना त्याने काही बिघडत नाही. रंग शिंपल्यात, बाभळीच्या डिंकात खलून. गेरू, नीळ, काजळी, सफेदा ही आपल्या ओळखीची मंडळी. लाल हिंगुळात पारा आणि पिवळ्या हरताळात आर्सेनिक, त्यामुळे ते दोन्ही नवख्यांच्या हातात देत नाहीत. आणि लाजवर्द नावाच्या दगडाचा तो गडद निळा, तो दगड यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून.

आता गंमत बघा. गेरूने पातळ आखणी केली, वर सफेद्याचा हात दिला, खालची रेघ पुसट दिसते तीच परत पक्की केली, मग अपारदर्शक रंग थरावर थर, आणि मधेच चित्र पालथं घालून मागून घोटलं! पहिल्यांदा बघताना जीव वर येतो अक्षरशः, पण त्यानेच रंग दाबला जाऊन एकसारखा बसतो. यानंतर परदाज, म्हणजे सुईच्या टोकाएवढे ठिपके आणि रेघा शेजारी शेजारी देत सावली चढवायची. गालाची गोलाई अशीच येते. मोती मात्र सफेद्याचा जाड थेंब ठेवून, बोट फिरवलं तर हाताला लागतात.

हे तंत्र आपल्याकडे पोचलं त्यात मोठा वाटा हुमायूनचा. इराणच्या सफवी दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस समद त्याने बोलावून घेतले, आणि पुढे अकबराच्या कारखान्यात, म्हणजे दरबारी चित्रशाळेत, इराणी उस्ताद आणि इथले चित्रकार एकत्र कामाला लागले. एका चित्रावर दोघं-तिघं असायचे, आखणी एकाचं काम, रंग दुसऱ्याचं आणि चेहरा कधी कधी खास तिसऱ्याचा. तिथलाच चित्रकार दसवंत हा पालखी वाहणाऱ्याचा पोरगा, हे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने लिहून ठेवलंय. म्हणजे ज्यांना वाटतं ही फक्त खानदानी लोकांची कला, त्यांनी जरा इकडे लक्ष द्या.

आणि दिल्ली-आग्र्यालाच कशाला जायचं? शेजारच्या अहमदनगरला निजामशाहीत हेच चालू होतं. हुसेन निजामशाहावरचं 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित 1565 च्या आसपासचं, ते आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या बहुतेक चित्रांत राणी नंतर कुणीतरी पुसून टाकलीय, राजा तेवढा बसलाय आणि शेजारी नुसता डाग. शिकणाऱ्यांना इथे याच दख्खनी चित्रांच्या नकला करायला लावतात, आणि नक्कल म्हणजे चोरी वगैरे काही नाही, हात तयार करायची ती जुनीच रीत आहे.

ओरिजिनल बघायचंच असेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा, मुंबईत सीएसएमटीला उतरा, तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, मुघल आणि दख्खनी दोन्ही मिनिएचर आहेत तिकडे. काचेच्या अगदी जवळ जाऊन गालावरची परदाज शोधा, गार्ड हटकेल, तेव्हा एक पाऊल मागे व्हा आणि मग पुढच्या चित्राकडे जा.