नडगीचं दुखणं अंगावर काढू नका

श्रोतेहो, नमस्कार.

गोष्ट दिवाळीच्या सुट्टीतली. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला अडीच महिने उरले होते. एरवी माझं आठवड्याला 38 किलोमीटर धावणं व्हायचं. सुट्टी होती, पहाटे छान गारवा होता, त्या आठवड्यात 55 झालं. त्यात दोनदा साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून उतरले. चढताना काही जाणवलं नाही. उतरताना मात्र डाव्या नडगीच्या आतल्या कडेला प्रत्येक पावलागणिक कळ यायला लागली. घरी पोहोचेपर्यंत ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट चढवले. पहिला किलोमीटर दुखलं, अंग तापल्यावर थांबलं. मी मनाला सांगितलं, थांबलं ना, मग काही नाही.

फसायला होतं ते इथंच. नडगी सुरुवातीला अशीच वागते. आधी फक्त धावायला लागताना दुखते, मग धावून झाल्यावर दुखते, मग जिना उतरताना. आणि आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक फार. घरातल्या बायका वर्षानुवर्षं तेच करत आल्या आहेत, आणि धावणारे त्यालाच जिद्द म्हणतात. मला ही सवय मनापासून खुपते, म्हणून आज बोलते आहे.

आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या. हाड जिवंत असतं. नेहमीपेक्षा जास्त भार पडायला लागला की शरीर त्या जागेचं जुनं हाड आधी थोडं पोखरून काढतं आणि मग तिथं नवं, जास्त बळकट हाड भरतं. भिंतीची डागडुजी करताना गवंडी आधी पोपडे काढतो ना, तसंच. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याच्या कामाला काही महिने लागतात. मधल्या काळात ती जागा नाजूक असते. दम लवकर वाढतो, पोटऱ्याही लवकर तयार होतात, हाड मात्र मागून येतं. आपण दमाचा अंदाज घेऊन अंतर वाढवतो आणि मार हाडाला बसतो. उतारावर तर तो आणखी जास्त.

चौथ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर बसले आणि अंगठा घोट्याच्या वरून हळूहळू नडगीच्या कडेनं गुडघ्याकडे नेत दाबत गेले. चांगल्या पाच-सहा बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे ठणकत होतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनीही नंतर अगदी असंच तपासलं. लांब पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा हाडावरचा ताण असतो, वेळीच थांबलं तर आवरतो. पण दुखणं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, त्या पायावर एक उडी मारल्यावर तिथंच कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मग धावणं बंद, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक्स-रेमध्ये पहिले काही आठवडे ही चीर दिसत नाही असं पुष्कळदा होतं, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं सुरूच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: धावणं वाढल्यावर पाळी लांबायला किंवा चुकायला लागली, तर पोटात अन्न कमी पडत असू शकतं आणि त्याची झळ हाडांनाही लागते.

मी पंधरा दिवस धावले नाही. आईनं आंबेहळदीचा लेप लावला, तो मी आनंदानं लावून घेतला. जोरात चोळू मात्र दिलं नाही. दुखल्यावर पंधरा मिनिटं बर्फ, फडक्यात गुंडाळून. वेदनाशामक गोळी खाऊन धावायचं नाही, हे ताईंनी दोनदा बजावलं. दुखणं झाकलं जातं, आणि लांब धावताना घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो. सकाळी पाऊण तास सायकल, संध्याकाळी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधराचे तीन फेरे, एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून.

सगळ्यात जड गेला तो दुसरा रविवार. आमचा ग्रुप पहाटे पोवई नाक्यावरून निघाला. मी शेजारी सायकल धरून उभी होते. सगळे पुढे गेले, पावलांचा आवाज लांब गेला आणि रस्ता एकदम शांत झाला. डोळ्यांत पाणी आलं. या रविवारी तुमच्यापैकी कुणी असं मागे उभं असेल, तर त्यांना सांगते: कमावलेला दम पंधरा दिवसांत फारसा जात नाही. सायकल चालू ठेवली तर आणखी कमी जातो.

सोळाव्या दिवशी शाळेच्या मातीच्या मैदानावर गेले. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ वेळा. पावलं मुद्दाम छोटी टाकली. रात्री नडगी दाबून पाहिली, दुसऱ्या दिवशी उठल्यावर पुन्हा पाहिली. दुखलं नाही. मग एक दिवस सोडून पुन्हा मैदानावर गेले आणि या वेळी दोन मिनिटं धावले.